मांडीवरचं ऑर्किड आणि त्याचं खरं नाव

लोक नगर जिल्ह्यात देवाला जातात, नाहीतर किल्ला बघायला जातात. आम्ही नवराबायको गेल्या महिन्यात तिकडे गेलो ते एका फुलाचं नाव विचारायला. परत आल्यावर आमच्या आळीतल्या बायकांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी एकमेकींकडे असं पाहिलं की माझ्या प्रकृतीची चौकशी आता आमच्या ह्यांच्याकडे होणार हे मी ओळखलं. म्हणून सगळं नीट लिहूनच काढते.

आधी फुलाबद्दल. चार-पाच वर्षांपूर्वी मुंबईच्या एका रोपवाटिकेतून मी बोटभर उंचीचं संकरित ऑर्किड आणलं. मालकाने मोठ्या थाटात नाव सांगितलं, 'गोल्डन सनसेट'. ह्या फुलांची नावं अशीच भारदस्त असतात. दोन वेगळ्या ऑर्किडांचं लग्न लावायचं, त्यांना जी पोरं होतील त्या सगळ्यांचं मिळून एकच नाव, आणि ते ठेवायचा मान लग्न लावणाऱ्याचा, तोही पहिलं फूल डोळ्यांनी पाहिल्यावर. ऑर्किडवेड्यांचा हा रिवाज जगभर चालतो. विकणारे मात्र तोंडाला येईल ते नाव चिकटवतात, कारण गिऱ्हाइकाला खरंखोटं कळायला फूल यावं लागतं आणि फूल यायला काही वर्षं जातात. तोवर कोण कुठे असतो!

तर मी सोनेरी फुलाची वाट बघत बसले. उन्हाळ्यात स्वतःच्या आंघोळीच्या आधी त्याला आंघोळ घातली. ह्या मार्गशीर्षात एकदाचा देठ आला, त्यावर दोन कळ्या आल्या आणि फुलल्या त्या पांढऱ्याशुभ्र. दुधासारख्या पाकळ्या, मधली ओठासारखी पाकळी तेवढी गडद जांभळी आणि तिच्या घशात पिवळ्या रेघा. फूल देखणं होतं, रागवावं कसं हेच कळेना. "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," असं मी पुटपुटले, तर पेपरातून मान वर न काढता हे म्हणाले, मुलगी दाखवली एक आणि बोहल्यावर उभी केली दुसरी.

भाचीच्या लग्नाला मुंबईला गेले तेव्हा त्या मालकाला गाठलं. आधी तो म्हणाला की पुण्याच्या उन्हाने रंग उडतो. मी जागची हलले नाही, तेव्हा खरं बाहेर आलं. नगरकडची कुणी नर्स पूर्वी इंजेक्शनच्या खोक्यांत ओल्या गॉजमध्ये गुंडाळून त्याला रोपं पाठवायची. ती बाहेरून आलेल्या रोपांत मिसळली आणि मग कोणतं कोणाचं ते त्यालाही सांगता येईना. नर्सचं नाव? ते तो विसरला होता.

इथे माझी अडचण सांगायला हवी. महिनाअखेरीला पुण्यात फुलांचं प्रदर्शन होतं. तिथे ज्या ऑर्किडाचं खरं नाव आणि आईबाप सांगता येत नाहीत, त्याला 'अनामिक' म्हणून शेवटच्या रांगेत बसवतात. गेल्या वर्षी माझं एक झाड तिथे मोरीच्या वाटेवर बसलं होतं आणि लोक हात धुऊन त्याच्या पानांवर झटकत होते. पण नुसत्या बक्षिसाचीच गोष्ट नव्हती. इतकी वर्षं वाढवलेल्या झाडाला हाक कोणत्या नावाने मारायची, हे माहीत नसणं मला सहन होईना. फूल टिकणार फार तर तीन आठवडे, त्यातले बरेच दिवस गेलेले. फूल सुकायच्या आत ते नर्सबाईंच्या डोळ्यांसमोर धरायला हवं होतं.

ह्यांनी एका अटीवर रजा काढली. वाटेत घोडेगावला त्यांचे वसतिगृहातले मित्र बापूराव राहतात, तिथे हुरडा खायचा आणि जनावरांचा बाजार बघायचा. मी कबूल झाले.

नगर

एस.टी.त कुंडी ह्यांच्या मांडीवर. माझी मांडी लहान पडते असं मी म्हटलं आणि त्यांनी ते सभ्यपणे मान्य केलं. फुलांवर मी मलमलीचं फडकं टाकलं होतं, त्यामुळे दिसत होती ती पानं आणि बुडाशी हिरवे फुगीर गड्डे. शिरूर येईपर्यंत अर्ध्या गाडीने विचारून झालं की हे काय आहे. हे एकाला म्हणाले कांदा, दुसऱ्याला म्हणाले केवडा. एका आजीबाईंना तर मूळव्याधीवरचं औषध म्हणून सांगितलं. आजीबाईंनी पान मागितलं तेव्हा मी मध्ये पडले. खरं नाव शोधायला निघालेल्या बाईचा नवरा सगळ्या वाटेवर खोटी नावं वाटत चाललेला! मी रागावले, तर म्हणाले, खरं नाव कळलं की तेच सांगीन, तोवर माझी काही चूक नाही.

नगरला कँपात ह्यांच्या ओळखीचे एक निवृत्त मेजरसाहेब राहतात. त्यांच्या बागेचा लौकिक ऐकून होते, आणि नर्सचं नाव ठाऊक नसताना सुरुवात करायला तेवढी एकच जागा होती. गुलाबांच्या रांगा अशा की 'सावधान' म्हटलं तर झाडं टाचा जुळवतील. मेजरसाहेबांनी चष्मा लावला, फुलाला एक फेरी मारली आणि नाव सांगितलं. मी खूश झाले. चहा आला, तेव्हा त्यांनी दुसरं नाव सांगितलं. चिवडा संपेपर्यंत तिसरं निघालं, आणि प्रत्येक वेळी आवाजात तोच ठामपणा. त्यांचाही दोष नाही म्हणा. नुसतं फूल बघून संकराचं नाव सांगणं म्हणजे रस्त्यातलं मूल बघून त्याचं आडनाव सांगण्यासारखं आहे. नाक ओळखीचं वाटतं, पण तशी नाकं पुष्कळ घरांत असतात.

निराश होऊन मी नर्सची आणि गॉजमधल्या रोपांची गोष्ट काढली, तर मेजरसाहेब खुर्चीत ताठ झाले. रूथबाई, ते म्हणाले. श्रीरामपूरकडे दवाखान्यात बाळंतपणं करायच्या. मेजरसाहेबांच्या मुलीचं बाळंतपण त्यांच्याच हातचं. तेव्हा एकदा त्या ह्या बागेत आल्या आणि गुलाबांची छाटणी चुकलीय असं सगळ्यांदेखत सांगून गेल्या. त्याला बरीच वर्षं झाली होती, पण मेजरसाहेबांचा आवाज अजून दुखावलेला होता. निरोप देताना त्यांनी आम्हाला बजावलं, जपून बोला, फार शिस्तीची बाई आहे. एका मेजरने हे सांगावं म्हणजे काय असेल, ह्या विचाराने मला बसमध्ये हसू येत राहिलं.

घोडेगाव

मला थेट श्रीरामपूर गाठायचं होतं, पण दिलेला शब्द पाळावा लागतो. आणि खरं सांगते, बरं झालं पाळला.

पुण्यात आम्ही हुरडा खातो तो कागदाच्या पुडीतून, गार झालेला. बापूरावांच्या रानात आगटी पेटवलेली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत ज्वारीची कणसं खुपसायची, चटचट आवाज आला की काढून तळहातावर चोळायची आणि फुंकर मारून कोवळे हिरवे दाणे गरम गरमच पुढ्यात ओतायचे. जोडीला लसणाची चटणी, गूळ आणि मडक्यातलं दही. बापूरावांच्या मंडळी इतक्या वेगाने कणसं चोळत होत्या की आमचं खाणं मागे पडत होतं. मध्येच बापूराव म्हणाले की तीन वर्षांपूर्वी, बाहत्तरच्या दुष्काळात ह्याच तुकड्यात कुसळसुद्धा नव्हतं आणि ते दोघे खडी फोडायला जात होते. ते म्हणाले आणि लगेच पुढचं कणीस चोळायला घेतलं. समोर हिरवीगार ज्वारी वाऱ्यावर हलत होती, तिच्याकडे मग मी जरा जास्त वेळ पाहिलं.

वहिनींनी फडकं उचलून फूल बघितलं. नाव विचारलं नाही. "कुनाची हाय?" असं विचारलं. गावाकडे नव्या सुनेलासुद्धा आधी हेच विचारतात. मी म्हटलं, तेच शोधायला निघालेय. त्यांनी मान डोलावली. असल्या कामासाठी माणसाने घर सोडणं त्यांना अगदी रास्त वाटलं. पुढे आमच्या आळीत असं एकीलाही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार. किती बैल, किती गाई, किती शेळ्या आणि केवढी धूळ! एक जण बैलाच्या तोंडात हात घालून दात बघतोय, दुसरा पाठीवरचे भोवरे बघतोय, आणि सौदा होतोय तो रुमालाखाली. दोघे हातावर रुमाल टाकून आत बोटं दाबतात, तोंडाने चकार शब्द नाही, बघणाऱ्याला भाव कळत नाही. ह्यांना ते इतकं आवडलं की एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या रुमालाखाली बापूरावांनी ह्यांचाही हात सरकवला. हात रिकामा हवा, म्हणून ह्यांनी कुंडी खाली ठेवली. मी एका खिलारी जोडीची शिंगं बघत होते.

ह्यांनी रुमालाखाली काहीतरी दाबलं. व्यापारी आधी गंभीर झाला, मग इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. साहेब बैलाला कोंबडीचा भाव द्यायला निघाले, असं त्याने जाहीर केलं. सगळा घोळका हसला, मीही हसले, आणि हसता हसता खाली पाहिलं तर एक काळी शेळी माझं फडकं बाजूला सारून शांतपणे जेवत होती. दोन फुलांपैकी एक गेलं होतं. जांभळ्या ओठाचा शेवटचा तुकडा तिच्या ओठातून आत जाताना मी डोळ्यांनी बघितला.

म्हण अशी आहे की शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. इथे खाणारी शेळीच होती, आणि वातड की गोड हे तिने सांगितलं नाही. मी तिथेच धुळीत बसकण मारली. हे एवढेसे झाले होते. शेळीवाल्याने हात जोडले. शेवटी वहिनींनी मला उठवलं, उरलेल्या फुलावर स्वतःच्या पदराची सावली धरली आणि म्हणाल्या, "एक हाय ना? मंग चला की बिगीबिगी." त्याच संध्याकाळी आम्ही नेवाशामार्गे श्रीरामपूरची गाडी धरली. कुंडी आता माझ्या मांडीवर होती.

श्रीरामपूर

उसाच्या गाड्या, मळीचा गोडसर आंबूस वास, स्टेशनातून येणाऱ्या शिट्ट्या. एका साध्या लॉजमध्ये उतरून सकाळी आम्ही चर्चच्या बाजूच्या वस्तीत रूथबाईंचं घर विचारलं. पत्ता पुरा सांगायचीही गरज पडली नाही. ज्याला विचारावं तो म्हणे, माझा जन्म त्यांच्याच हातचा. पानवाला, सायकल दुरुस्तीवाला, रस्ता झाडणारी बाई, सगळे रूथबाईंच्या हातचे. घराच्या ओट्यावर आढ्याला तारेचे झोळे टांगलेले होते, एक रांगच्या रांग, आणि सगळे रिकामे. ऑर्किड लावायचे झोळे मी कुठेही ओळखते.

रूथबाई म्हणजे उंच, धिप्पाड, पांढऱ्या लुगड्यातल्या, आवाज वॉर्डाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवायची सवय झालेला. घरात भाऊ, भावजय आणि भाचरं. आम्ही पुण्याहून आलो म्हटल्यावर आधी पाय धुवायला पाणी आलं, मग नाताळच्या उरलेल्या करंज्या आल्या. तिथली करंजी आमच्यापेक्षा फुगीर, सारणात सुंठ जास्त. आमच्या दिवाळीची करंजी तिथे नाताळलाही होते, हे मला ठाऊक नव्हतं आणि फार आवडलं. ऑर्किडासाठी आलोय असं मी म्हणाले मात्र, त्यांचा चेहरा बंद झाला. आता आपण ऑर्किडं बघत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि त्या उठून उभ्याही राहिल्या.

भावजयीने बाजूला येऊन हळू आवाजात जे सांगितलं ते असं. दवाखान्यातली परदेशी डॉक्टरीण मायदेशी परतताना दोन ऑर्किडं रूथबाईंना देऊन गेली, एक पांढरं आणि एक जांभळं. रूथबाईंनी केसांतल्या आकड्याने एकाचे पराग दुसऱ्याला लावून त्यांचं लग्न लावलं. शेंग धरली. ऑर्किडाचं बी पिठासारखं बारीक, ते मातीत रुजत नाही, निर्जंतुक बाटलीत साखरेची घट्ट खीर करून त्यावर पेरावं लागतं. ज्या यंत्रात ऑपरेशनची हत्यारं वाफवायची, त्यातच त्यांनी सलाईनच्या बाटल्या वाफवल्या. रोपं इतकी झाली की जागा पुरेना, म्हणून काही मुंबईला पाठवली. बाकीची इथे ओट्यावर वाढली. फुलावर यायच्या बेतात होती आणि बाहत्तर साल आलं. विहीर आटली. टँकरपुढे बायका घागरी घेऊन उभ्या. ह्या झाडांना रोज पाणी लागतं. रूथबाईंनी एके दिवशी तांब्या हातात घेतला, रांगेकडे बघितलं आणि तांब्या रांगेतल्या एका पोटुशीला दिला. त्यानंतर ओट्यावर पाणी पडलं नाही. आईबापासकट सगळी झाडं वाळली. आपल्या लेकरांचं फूल त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

मी इतके दिवस माझ्या फुलाला नाव हवं म्हणून धावत होते. ह्या घरात तर नाव ठेवणारीला फूलच दिसलेलं नव्हतं. मी ह्यांना खूण केली. त्यांनी कुंडी रूथबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि फडकं काढलं.

मला वाटलं त्या फुलाकडे बघतील. त्यांनी बघितलंच नाही. चष्मा वर सरकवला आणि सरळ बोट कुंडीत घातलं, पुढच्या टवटवीत गड्ड्यांजवळ नाही, पार मागे, सगळ्यांत जुन्या सुकल्या गड्ड्याच्या बुडाशी. खपल्या बाजूला सारल्या. तिथे कोळशाचा एक तुकडा होता, झाडाला काळ्या दोऱ्याने बांधलेला. रोप आणलं तेव्हापासून तो तिथे होता. रोपवाटिकेतल्या कुणीतरी बांधला असेल म्हणून मी कधी सोडला नाही. रूथबाईंनी नखाने गाठ उलटीपालटी करून पाहिली, आणि त्यांचं बोट थांबलं.

"ही गाठ माझी हाय," त्या म्हणाल्या. "नाळेची गाठ. नाळ बांधायचा दोरा कुजतो, म्हनून टाक्यांचा दोरा घेतला हुता. पन गाठ नाळेचीच."

हजारो बाळांच्या नाळा त्यांनी ज्या गाठीने बांधल्या, त्याच गाठीने प्रत्येक रोपाला कोळशाचा आधार बांधून दिला होता. दुसऱ्या कुणाची गाठ अशी पडत नाही, भावजय म्हणाली. गावातल्या कुठल्याही पोराची बेंबी बघा, कुणाच्या हातचं ते कळतं. आणि तिने जवळ उभ्या असलेल्या आपल्या पोराचा सदरा वर केला, तो पोरगा पळून गेला.

मग रूथबाईंनी फुलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पांढरा रंग आईचा, घशातल्या पिवळ्या रेघाही आईच्या. ओठ बापाचा, पण त्याच्या कडेला जी बारीक चुणी आहे ती कुणाचीच नाही, ती हिची स्वतःची. सकाळी वास येतो का, असं त्यांनी मला विचारलं. येतो, मी म्हटलं, ऊन तापेपर्यंत येतो आणि मग जातो. त्यांनी नाक जवळ नेलं, डोळे मिटले. "आईचा वास," त्या म्हणाल्या, आणि त्या एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईने पदर डोळ्यांना लावला. मीही रडले. ह्यांनी उगीचच करंजी उचलली.

हे फूल त्यांना दिसणं आणि कधीच न दिसणं, ह्यांच्यामध्ये एक शेळी आणि थोडे दिवस, एवढंच होतं. त्या शेळीने दुसरं फूलही खाल्लं असतं तर? ही कल्पना आजही मला सोसत नाही.

आता पुढचं. झाड एकच. दोघींना हवं असेल तर कापावं लागणार. फुलावर असलेलं झाड कापू नये आणि थंडीत तर मुळीच कापू नये, हा आमच्यातला पहिला नियम. रूथबाईंनी मागितलं नाही. त्या मागणाऱ्यांतल्या नव्हत्याच. मीच म्हटलं, कापू या. त्यांनी चटकन माझ्याकडे पाहिलं. सुरी उकळली, विस्तवावर धरली, हात स्पिरिटने पुसले, आणि आम्हा सगळ्यांना ओट्याखाली उतरवलं. एका कापात दोन भाग झाले. मागचे गड्डे एका बाजूला, पुढचे फुलासकट दुसऱ्या बाजूला. कापावर कोळशाची पूड लावली आणि दोन्ही भागांना पुन्हा तीच गाठ मारली. मग फुलाची बाजू त्यांनी माझ्याकडे सरकवली. मागचा तुकडा आपल्याला पुरे, तुमचं प्रदर्शन आहे, असं म्हणाल्या.

मला प्रदर्शनाचा मांडव दिसला, पहिली रांग दिसली, मोरीची वाटही दिसली. पण त्या माउलीने फूल बघून अजून तासही झाला नव्हता. "फूल इथंच राहील," मी म्हटलं. "मला मागचं द्या." ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला लाज वाटली.

बारसं

फूल बघितलं, आता नाव ठेवायला हवं, हा रिवाज रूथबाईंना पक्का ठाऊक होता. पण नाव कानात सांगायचा मान आत्याचा. भावाच्या सगळ्या लेकरांची नावं आत्या म्हणून त्यांनीच ठेवलेली. ह्या वेळी मात्र त्या आई होत्या. आईने नाव ठेवायचं नसतं. मग आत्या कोण? त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. इतकी वर्षं पाणी घालून मी हिला वाढवली, म्हणजे नात्याने आत्याच. मग मी कोण, असं ह्यांनी विचारलं, तर भावजय म्हणाली की तुम्ही आत्याचे मालक, घुगऱ्या खा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वास दरवळत असताना वस्तीतल्या बायका जमल्या. ओट्यावरच्या रिकाम्या झोळ्यांपैकी मधला एक धुऊन घेतला होता, त्यात फुलाचा भाग घरच्या एका कुंडीत लावून ठेवला. दुष्काळानंतर पहिल्यांदा त्या झोळ्यात काहीतरी हललं. रूथबाईंनी डोळे मिटून छोटीशी प्रार्थना म्हटली. एका म्हातारीने चक्क पाळणा म्हटला, त्यात बाळकृष्णाच्या जागी बाळ येशू होता आणि चाल मात्र आमच्याकडचीच होती. मग सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

आयुष्यभर मी दुसऱ्यांनी ठेवलेली खोटी नावं हुडकत हिंडले. स्वतः खरं नाव ठेवायची वेळ आली आणि एक नाव सुचेना. 'रूथ' म्हणावं तर लेकीला आईचं नाव देत नाहीत. आजीचं देतात. मी रूथबाईंना त्यांच्या आईचं नाव विचारलं. त्यांनी आधी ती कोण होती ते सांगितलं. शेतात मजुरी करणाऱ्या बाईने, सगळी वस्ती नको म्हणत असताना, पोरीला नर्सिंगला पाठवलं होतं. तिचं नाव हौसा.

मी झोळ्याशी वाकले. फुलाला कान कुठे असतात? त्या जांभळ्या ओठाशीच तोंड नेलं आणि म्हटलं, "हौसा." बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले, आत्याला घालायचेच असतात ते. त्यातला रूथबाईंचा बुक्का अजून दुखतो.

परतताना राहुरी, नगर, सुपे. कुंडी पुन्हा ह्यांच्या मांडीवर, ते त्यांनी स्वतःहून मागून घेतलं. आता तिच्यात फूल नव्हतं, नुसती चार पानं आणि जुने गड्डे. ह्या प्रदर्शनात माझं टेबल रिकामंच राहणार होतं, आणि त्याचं मला जराही वाटत नव्हतं. माझ्या पदरात घुगऱ्यांचा पुडा होता, हे अधूनमधून त्यात हात घालत होते. पुढच्या बाकावरचे एक पागोटेवाले आजोबा बराच वेळ वळून वळून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलंच की पाव्हणं, कांदा हाय काय हा?

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी कुंडी जरा सरळ केली, घास गिळला.

"हौसा," हे म्हणाले. "श्रीरामपूरच्या रूथबाईंची."